एका परातीतली जपानी शेवई

धर्माजी तांडेलाला दोन गोष्टी सहन होत नसत. एक म्हणजे कालवणाशिवाय भात आणि दुसरी म्हणजे कुणी चूक काढणं. पहिलीची काळजी त्याच्या बायकोने, ठमाबाईने, लग्नापासून घेतली होती. भाताच्या शितावर कालवण तरंगलं पाहिजे, असा त्याचा हिशेब होता आणि ठमाबाई तो पाळत होती. दुसरीवर मात्र घरात कुणाकडेच औषध नव्हतं.

श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात त्याची होडी होती आणि तिचा तांडेल, म्हणजे होडीवरचा प्रमुख, तोच. सुकाणूवर तो स्वतः, पुढे टोकावर त्याचा मेहुणा मोरू आणि मधे अंबाजी नि तुकाराम हे दोघे खलाशी. मोरू हा ठमाबाईचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले म्हणून बहिणीच्या पाठोपाठ तिच्या सासरी आला आणि तिथलाच झाला. त्याला पोहायला, जाळं शिवायला, वाऱ्याचा रोख ओळखायला धर्माजीनेच शिकवलं होतं. मारूनमुटकून शिकवलं, पण शिकवलं. स्वतःला मूल नसल्याने धर्माजीचा सगळा जीव या पोरावर होता. ते तो कुणाला कळू देत नसे, मोरूला तर नाहीच नाही.

असे हे दोघे शिमग्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते.

झालं होतं एवढंच. ऐन भरतीला, लख्ख उजेडात, धर्माजीने होडी खडकाला घासली. तो खडक त्याच्या आजोबांच्या वेळेपासून तिथेच होता, जागचा हलला नव्हता. होडी बंदराला लागताच मोरू सगळ्यांच्या देखत म्हणाला, "भावजी, तुमचं डोलं गेलं. आता सुकानू माज्याकडं द्या."

बंदरावर मासळी घ्यायला आलेल्या बायका होत्या, व्यापारी होते, दुसऱ्या होड्यांवरचे तांडेल होते. धर्माजीच्या अंगाचा तिळपापड झाला. "हा माफी मागंल तवाच मी याच्याशी बोलंन," असं त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं. मोरूही काही कमी नव्हता. खरं बोलल्याची माफी कसली, म्हणून तोही गप्प बसला. खरी गोम अशी की मोरूचं म्हणणं बरोबर होतं. धर्माजीला समोरचं जग धुक्यात असल्यासारखं दिसायचं. ते त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच राग जात नव्हता.

पण होडीवर न बोलून कसं चालेल? मग मधे बसलेल्या अंबाजीचा जीव टांगणीला लागला.

"अंबाजी, सांग त्याला, शीड उतरव."

"अंबाजी, सांग त्यांना, उतरवलं."

मोरूला टोकावर सगळं ऐकू यायचं. तरी हे सगळं अंबाजीने पुन्हा मोठ्याने म्हणायचं. त्यातही गंमत अशी की खडक जवळ आला की मोरू उगाचच अंबाजीला सांगायचा, "अंबाजी, डाव्या अंगाला खडक हाय बरं का!" अंबाजीला काय करायचा होता खडक? पण सुकाणू मुकाट्याने उजवीकडे वळायचं. तोंडदेखलं भांडण ठेवून पोरगा आपली लाज राखतोय, हे धर्माजीला कळत होतं. कळल्यामुळे तो आणखी चिडायचा.

मग वैशाखात अंबाजीनेच खबर आणली. मोरूने मुंबईला एका यंत्राच्या होडीवर काम ठरवलं होतं. पावसाळा सरला की तो निघणार. त्या दिवशी धर्माजीने कालवण दुसऱ्यांदा मागितलं नाही. ठमाबाईने काय ते ओळखलं. मोरू गेला तर होडी कायमची किनाऱ्याला लागणार होती आणि घरही अर्धं रिकामं होणार होतं. नवऱ्याने "राहा" एवढा एक शब्द काढला असता तरी पुरे होतं. पण तो शब्द काही धर्माजीच्या तोंडातून निघेना.

पावसाआधी होडी ओढून वर घेतली की त्या दिवशी तांडेलाने खलाशांना जेवायला घालायचं, हा त्यांचा रिवाज. दरसाल ठमाबाई रांधायची. यंदा तिने चुलीला हातच लावला नाही.

"मुक्या मानसांना मी रांधनार न्हाय," ती म्हणाली. "जा त्या शिवदासाच्या खानावलीत, न्हायतर उपाशी राव्हा."

शिवदास हा गावातलाच. बरीच वर्षं बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, होता. जपानची बंदरं बघून आला आणि बंदराच्या रस्त्याला त्याने खानावळ टाकली. खानावळीपेक्षा त्याच्या जपानच्या गोष्टीच जास्त खपायच्या. त्या दिवशी चार तगडी माणसं दारात बघून त्याला चेवच आला.

"तांडेल, आज तुमाला योकोहामाची शेवई खिलवतो. तितं बंदरावरचं हमाल खातात. एकदा खाल तर भात इसराल."

भात विसरण्याची धर्माजीला काहीएक घाई नव्हती. पण खलाशांनी हो म्हटलं आणि शिवदास आत पळाला. कणकेची, जाळ्याच्या दोरीएवढी जाड शेवई त्याने उकळून निथळली. खाली तिळाचं तेल आणि बोटीवरून आणलेलं सोयाचं खारट काळं पाणी, वर भाजलेली सुकट, कांदा आणि अंड्याचा कच्चा पिवळा बलक. चार वाडगे समोर आले. धर्माजी वाट बघत बसला.

"कालवन कवा येतंय?" त्याने विचारलं.

"यात कालवन नसतंच, तांडेल. काय हाय ते तलाशी हाय. नीट ढवलायचं नि खायचं."

"कालवन न्हाय?" धर्माजीने वाडग्यात तोंड घालून पाहिलं. "मंग शिजवलं कशाला?"

शिवदासाने समजावून पाहिलं. धर्माजीने निदान वाडगे तरी मान्य करावेत, तर तेही नाही. होडीवरची माणसं एकाच परातीतून जेवतात, आपापल्या समोरचं खातात, दुसऱ्याच्या बाजूला हात नेत नाहीत. "बशीबशीतून खायाला आमी काय सायेब हाव?" तो गरजला. शेवटी शिवदासाने कपाळावर हात मारला आणि चारही वाडगे एका परातीत उपडे केले.

भाताचं एक बरं असतं. भाताला हद्द असते. शिमग्यापासून धर्माजी आणि मोरू परातीत मधोमध भाताचा बांध घालून जेवत आले होते आणि तो बांध कधी फुटला नव्हता. या शेवईला मात्र कसला बांध आणि कसलं काय! अंबाजीने आपल्या समोरची ओढली की तुकारामाच्या समोरची चालू लागायची. बोटांतून सटकायची, हनुवटीला चिकटायची. दोन घास गेले आणि धर्माजीच्या मनात आलं, चव काही वाईट नाही. सुकट तरी ओळखीची होती. अर्थात हे त्याने बोलून दाखवलं नाही.

तिसऱ्या घासाला त्याच्या ओठांत एक शेवई आली ती संपेचना. त्याने ओढली. ती ताणली, पण येईना. परातीच्या तळाला चिकटली असेल, असं त्याला वाटलं. त्याने आणखी जोर लावला.

"अंबाजी," तो दातांत शेवई धरून म्हणाला, "ही कुठं अडकली बघ."

अंबाजीच्या तोंडात एवढी शेवई होती की ती आत जाईना नि बाहेरही येईना. तो नुसतं "उं, उं" करून मोरूकडे बोट दाखवत होता. धर्माजीला ते बोट दिसलं नाही. तुकाराम हसू दाबण्याच्या नादात ठसकला. शिवदास हातात पळी धरून जागच्या जागी उभा राहिला.

मग धर्माजीने जन्मभर जे केलं तेच केलं. जाळ्याची दोरी पाण्यात कुठे अडकली की कोळी ती चाचपत जातो. तसं त्याने शेवईवर बोटं ठेवली आणि हळूहळू पुढे सरकवत नेली. अंबाजीच्या नाकाखालून त्याचा हात गेला आणि थेट एका मिशीला लागला.

मोरू हलला नाही. दुसरं टोक त्याच्याच तोंडात होतं. आपण खेचलं तर म्हाताऱ्याच्या तोंडातला घास निघेल, म्हणून बिचारा कधीचा तसाच बसून होता.

धर्माजीची बोटं त्या मिशीवर थांबली. हा चेहरा त्याला हाताने ओळखता येत होता. याचं नाक त्याने किती वेळा पुसलं होतं. त्याला एकदम रडूच आलं आणि स्वतःचा रागही आला.

"मोऱ्या, तू हायंस व्हय?" तो म्हणाला. शेवई तुटून परातीत पडली. "मना दिसलं न्हाय रं. मना कायच दिसत न्हाय आता."

मोरूने घास गिळला.

"भावजी, मी तवा ह्येच बोललो व्हतो."

"भर बंदरात बोललास."

"त्ये चुकलं माजं. घरात बोलायला पायजे व्हतं."

धर्माजीने उपरण्याने तोंड पुसलं, मग डोळे पुसले. "मुंबईला जातंस म्हनं?"

"तुमी राव्ह म्हनलंच न्हाय. मी कुनासाठी राहू?"

"आता म्हनतो. राव्ह." आणि लगेच, आपण फारच मऊ झालो असं वाटून तो ओरडला, "सुकानू तुज्याकडं! पन होडीवर हाका मीच मारनार, सांगून ठेवतो!"

मोरू मुंबईला गेला नाही. नारळी पुनवेला होडी पाण्यात गेली तेव्हा सुकाणूवर तो होता आणि टोकावर धर्माजी. पुढे कितीतरी वर्षं सगळा कोळीवाडा किनाऱ्यावरून त्याच्या आरोळ्या ऐकत होता. "उजवीकडं घे! आरं, उजवीकडं!" समोर उजवीकडेच खडक असायचा. मोरू मोठ्याने "व्हय, भावजी!" म्हणायचा आणि होडी डावीकडे घ्यायचा. होडी कुठे वळली हे धर्माजीला अंगाला लागणाऱ्या वाऱ्यावरून बरोबर कळायचं. तो मान डोलवायचा आणि म्हणायचा, "आता कसं बरोबर घेतलंस."