वजरीने न निघालेला डाग

सुधाकर जाऊन पाच आठवडे झाले. त्या दिवशी त्याच्या भाचीचा, मनालीचा, सकाळीच फोन आला होता, ‘काका, मामा गेला...’ एवढंच. फणसवाडीतल्या शोकसभेत मग जो तो उठून ‘नशिबापुढे कोणाचं चालतं’ म्हणत होता. नशीब कसलं कपाळाचं! आमच्या जिन्याखालच्या बाकड्यावर बसणाऱ्या चार निवृत्त शहाण्यांनी मिळून त्याला घालवला. त्या चौघांत मी होतो.

सुधाकर दर मंगळवारी गिरगावातून प्रभादेवीला अनवाणी चालत जायचा. तीस वर्षं एकही मंगळवार चुकवला नाही, आणि त्याचा त्याला असा काही माज होता की... असो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या टाचेजवळ काळा डाग दिसला. बाकड्याने तिथल्या तिथे निकाल दिला, रस्त्याचं डांबर आहे, आंघोळीला वजरीने घास. त्याने इमानदारीत घासला. डाग निघायच्या ऐवजी पसरत गेला, तरी आमचा निकाल तोच.

मनाली दादरला त्वचेची डॉक्टर. तिच्याकडे खिशात मावेल असं दिव्याचं भिंग आहे. ते कातडीवर टेकवलं की आतला रंग कसा बसलाय ते दिसतं. ती वर्षभर मामाच्या विनवण्या करत होती, कापायचं नाही, टोचायचं नाही, फक्त पाच मिनिटं पाय दाखव. नुसतं बघून रोग कळतो म्हणे, यावर आम्ही खो खो हसलो. सुई टोचून रक्त काढल्याशिवाय तपासणी झाल्यासारखी वाटायची नाही, एवढीच आमची अक्कल.

डाग फुटून चिघळला तेव्हा कुठे तो तिच्याकडे गेला. सोबत मी होतो. मनालीने भिंग टेकवलं आणि बराच वेळ मान वर केली नाही.

‘तळव्याला रेषा असतात ना काका... रंग त्यांच्या खाचांत असता तर मी एवढी घाबरले नसते. हा उंचवट्यांवर बसलाय.’

पुढे तुकडा काढून तपासला, कॅन्सरच निघाला. तोवर तो जांघेतल्या गाठींपर्यंत पोचला होता. रिपोर्ट घेऊन परतताना सुधाकर एवढंच म्हणाला, ‘पाच मिनिटांचं काम होतं रे.’ मला त्याच्याकडे बघवलं नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. मोरीच्या कठड्यावर ती पितळी वजरी अजून तशीच आहे, दाते झिजून गुळगुळीत झालेली. भुलेश्वरहून मीच आणून दिली होती, खास खरखरीत बघून. ‘हिनेही डाग नाही निघाला तर नाव बदलीन,’ असं बाकड्यावर सगळ्यांसमोर म्हणालो होतो. या लेखाखाली तेच नाव छापून येईल.