हात धुवाच्या आधीचं आवतन

पयलेच माफी मांगते. शाळा नववीतच सुटली, तर लिहिण्यात चुका होतीन. मोबाईलवर एका बोटानं टाइप करते, टाइमही लागते.

दिवाळी झाली का आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, हरेक गावचा दिवस वेगळा. लालबर्राजवळच्या आमच्या मंडईले गोंदियाकडचे सदूबाबा येत, अन् त्यायच्या मंडईले आमचे आबाजी, माहे आजोबा, जात. जवानीत दोघं संग नाटकात नाचत, तवापासून हे येणं-जाणं. उन्हाळ्यात आबाजी वारले. आई म्हणे, "यंदा गेलो नाही तर ते समजतीन, संपलं." मंग आम्ही दोघी निंघालो.

लालबर्राहून बालाघाट, तिथून गोंदियाची बस. सकाळचीच पकडा, दुपारी उभं राहा लागते. खुल्ले पैसे ठेवा, नाही तर कंडक्टर चिडते. राजेगावचा पूल ओलांडला का महाराष्ट्र. आबाजी तिथं दरसाल म्हणत, "घे, पोचली परदेशात!"

मंडईत ऊस, शिंगाडे, गरम जिलेबी. पन माहं ध्यान सदूबाबाच्या घरच्या पंगतीकडे. रीत अशी का पाहुण्यानं जेवता जेवता, हात धुवाच्या आधी, "आता आमच्याकडे या" म्हणाचं. हात धुतल्यावरचं आवतन धरत नाही. अन् म्हणाचं घरातल्या लहान्यानं, पुढं त्यालेच चालवाचं आहे म्हणून. लहानी मीच. पन दरसाल आबाजीच बोलून टाकत, "हिले लाज लागते, माह्याच तोंडून ऐका."

पंगतीत भात, वरण, लाखोरीच्या डाळीचे वडे. सगळ्यायचं जेवण झालं. आई कोपर मारे. मी रिकाम्या ताटात बोटं फिरवत राह्यली.

"पोरगी मुकी हाय का वो?" एक बाई म्हणे.

सदूबाबाचा पोरगा हात धुवाले उठला.

"बस खाली!" सदूबाबा ओरडले. "माहं झालं नाही अजून. सुनबाई, भात आन."

"मामंजी, तिसऱ्यांदा?"

"आन म्हणतो ना. अन् वडाही."

"राती पोट धरून बसान, तवा मले नोका उठवू!"

सगळे हसले. मी त्यायच्या ताटाकडे पाह्यलं. भात तसाच होता, हात सुकून गेलता.

"बाबा, या ना आमच्या मंडईले," मी म्हणलं.

"काय म्हणते?" मांगून कोणी तरी.

"सगळे या! सयपाक मी करीन!"

एवढ्या जोरानं मी आजवर बोलली नव्हती. सदूबाबा म्हणे, "हौ, येतो. पन एवढा भात नोको वाढू, माय." मंग हात धुवाले गेले अन् तोंडावर पाणी मारत लय वेळ उभे राह्यले.

घरी आल्यावर आबाजीले सांगावं वाटलं, मी बोलली म्हणून. आवाज त्यायच्यासारखाच निंघाला, आई म्हणे. गुरुवारी आमची मंडई. तुम्हीही कोणाकडे गेले तर पानावरून घाईनं नोका उठू.

थांबा, शेजारी म्हैस व्याली! रेडी झाली म्हणते. पाहून येते.