नव्या गवतावरचे ठसे

ओल्या शेणखताचा वास आला, की मला अकोल्याच्या घरामागचं ते नवं गवत आठवतं. अर्धांगवायूनंतर बाबा एकदा फरशीवर पडले आणि खोलीबाहेर यायचेच बंद झाले. मऊ गवतावर त्यांना भीती वाटणार नाही, म्हणून मी अंगण खणून घेतलं. म्हाताऱ्या माळीकाकांनी भेगाळलेली काळी माती फोडली, वाळू आणि शेणखत मिसळून सपाट केली आणि मुळांसकट कापून आणलेले गवताचे चौकोनी तुकडे एकमेकांना भिडवून बसवले. "पंधरा दिवस कोनी पाय नोका ठेवू, ताई. मुळं सरकले तं सारं वाळून जाईन," त्यांनी बजावलं. नळ चार दिवसांनी यायचा. मी भाजी धुतलेलं पाणीही तिथेच शिंपडायचे, तरी कडा पिवळ्या पडू लागल्या आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. सहाव्या दिवशी सकाळी पाहते तर बाबांचा पलंग रिकामा. धावत मागे गेले. बाबा पलीकडची भिंत धरून उभे होते. गवतात एका पायाचे खोल ठसे आणि दुसऱ्याची फरपटत गेलेली रेघ होती. "एकदा पडलो," ते म्हणाले, "पन लागलं नाई." तेवढ्यात माळीकाका आले. ते ओरडतील म्हणून मी घाईने माफी मागू लागले. माळीकाकांनी वाकून ठसे पाहिले आणि ते म्हणाले, "चालू द्या त्यायले. गवत मी आनखी लावून देतो." दोन तुकडे वाळलेच, बाबा मात्र पुढे तीन वर्षं रोज तिथे चालले. आता सकाळी मी चालते, आणि अजूनही पाय जपूनच टाकते.