परतीचं पाकीट

टपालानं सह्या मागवण्यात शहापूर तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी छाती ठोकून सांगतो. दुसरं कोणी हा उद्योग करतच नाही, ही गोष्ट वेगळी.

सापगावच्या आमच्या घरी एका लोखंडी पेटीत नटनट्यांच्या, खेळाडूंच्या, गायकांच्या सह्या आहेत आणि त्यातली एकही मी गर्दीत धक्के खाऊन मिळवलेली नाही. माझी रीत ठरलेली आहे. पत्र हातानं लिहायचं, एका पानात संपवायचं, स्तुती दोन ओळींच्या वर न्यायची नाही. सोबत एक कोरं कार्ड, सही शाईच्या पेनानं करावी अशी विनंती, आणि आपलाच पत्ता लिहून तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. मोठ्या माणसाला पाकीट शोधायला लावलं की आपलं पत्र रद्दीत गेलंच समजा.

आलेली प्रत्येक सही मी तपासतो, कारण पुष्कळ जण छापील सही पाठवून मोकळे होतात. अंगठा जिभेला लावायचा आणि सहीच्या शेपटीवरून हलकेच फिरवायचा. शाई सुटली तर सही खरी. एका नामांकित खेळाडूनं मला दोनदा छापील सही पाठवून बनवलं, तेव्हापासून मी कोणाचीच गय करत नाही.

आईला हे सगळं खूळ वाटायचं. "लोकांच्या सह्यांचं काय लोणचं घालतोस का रे?" म्हणायची. ती शाळेत गेलेली नाही. कुठल्याही कागदावर तिचा अंगठाच लागतो. पण एका दुपारी तांदूळ पाखडता पाखडता ती हळूच म्हणाली, "तिला लिव ना रे."

ती म्हणजे तमाशात गाणारी एक बाई. आईचं माहेर मुरबाडकडचं. लग्नाआधी म्हसा गावच्या जत्रेत आईनं तिचं गाणं कनातीच्या फटीतून ऐकलं होतं आणि घरी येऊन मार खाल्ला होता. ती बाई आता खूप थकली होती, नातीकडे राहत होती. आईनं माझ्याकडे आयुष्यात पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मी आठवड्यात पत्ता काढला आणि पत्रात जत्रा, कनात, मार, सगळं लिहिलं.

दोन महिने उत्तर नाही. पोस्टमन दिसला की आई ओट्यावर येऊन उभी राहायची. शेवटी पाकीट आलं तेव्हा नेमकी ती मळ्यात गेलेली. कार्डावर निळ्या शाईत सही होती, सरळ, ठसठशीत, कुठे थरथर नाही. ऐंशीच्या पुढची बाई अशी सही करते? मला कोण फसवतो, या तोऱ्यात मी अंगठा ओला केला आणि फिरवला. जरा जोरातच. आडनाव सगळं पसरलं आणि त्यावर माझ्या अंगठ्याचा निळा ठसा उठला.

सही खरी निघाली म्हणून आनंद झाला, हे कबूल करतो. पण पाकिटात नातीची चिठ्ठीही होती, ती मी नंतर वाचली. 'आजीला लिहिता येत नाही, फक्त सही येते. हात कापतो. तुमच्या आईंसाठी म्हणून दोन दिवस पाटीवर गिरवत होती. आता पुन्हा जमेल असं वाटत नाही.'

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. दुसऱ्या कार्डावर नक्कल करणं मला अवघड नव्हतं, आणि आईला काय कळणार होतं? पण तेवढा मी खाली गेलो नाही. आई आल्यावर कार्ड तिच्या हातात दिलं, चिठ्ठी वाचून दाखवली आणि मी काय केलं तेही सांगितलं.

तिनं कार्ड उजेडात धरून पाहिलं. "दोन दिस बसली ती माझ्यासाठी," ती म्हणाली, "आनि तुला इस्वास नाय."

कार्ड तिनं माझ्या पेटीत ठेवू दिलं नाही. ते देवाच्या फळीवर गेलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला कागद घेऊन बसवलं. सही पोचली, फार आवडली, एवढंच लिहायला सांगितलं. मी सवयीनं परतीचं पाकीट काढलं.

"ते ठेव तिकडं. आता काय मागायचं नाय."

खाली तिच्या नावानं सही मीच करणार होतो. तिनं पेन बाजूला सारलं, शाईची बाटली मागितली आणि कागदाच्या तळाशी आपला अंगठा उठवला. तो वाळेपर्यंत तिनं मला कागदाला हात लावू दिला नाही.