दोन तिरक्या रेघा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही. आई गेली, तिलाही कळलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल तर फारच उत्तम. एकदाचं कळू दे मी काय चीज आहे ते.

मी दारव्ह्याला विज्ञान शिकवते. बोंडअळीनं सगळ्यांचा कापूस खाल्ला, त्या सुमाराला मला एक नाद लागला होता — तळहाताएवढे, प्रोग्राम भरता येणारे बोर्ड असतात ना, त्यांचा. व्हिडिओ बघून शिकले. रविवारचा स्वयंपाक उरकला की जेवणाच्या टेबलावर वायरी, सोल्डरिंग गन, लॅपटॉप. घरातले हसायचे. मग मी मिसकॉलवर चालणारी मोटर केली आणि हसणं बंद झालं. पेटीत एक सिमकार्ड. त्या नंबरला मिसकॉल दिला की विहिरीवरची मोटर सुरू, पुन्हा दिला की बंद. गावाकडची शेती माझा दीर विलास बघतो. त्याच्या आणि माझ्या नवऱ्याच्या, अशा दोनच नंबरांवर ती चालायला हवी होती. तशी तपासणीची ओळ मी प्रोग्राममध्ये लिहिलीही होती. लिहिली होती हो! इतकी काही मी अडाणी नव्हते.

पण तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मला मिरवायचं होतं. पाहुण्यांनी आपापल्या खिशातला फोन काढावा, मिसकॉल द्यावा आणि समोर दिवा लागावा — वा मॅडम, कमाल! म्हणून मी त्या ओळीच्या आधी दोन तिरक्या रेघा टाकल्या. अशा रेघा टाकल्या की ओळ दिसते, पण यंत्र ती वाचतच नाही. आता कुणाचाही मिसकॉल चालणार. बक्षीस मिळालं, शाल मिळाली, पेपरात फोटो आला. आणि पेटी तशीच्या तशी विहिरीवर गेली. त्या रेघा पुसायला किती वेळ लागतो? एक बटण दोनदा दाबायचं, बस.

आता सुनंदा. माझी धाकटी जाऊ, विलासची बायको. चौथी शिकलेली. तिच्याकडे साधा बटणांचा फोन होता. दोनचं बटण दाबून धरलं की नवऱ्याला लागतो, एवढं विलासनं तिला शिकवलेलं. डबा घेऊन निघाली की ती एक मिसकॉल द्यायची, मग तो हातातलं काम टाकून धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, निंबाखाली येऊन बसायचा. रोजचं होतं ते. त्या वर्षी विलासनं फुकट इंटरनेटवालं नवं सिम घेतलं आणि विहिरीवर पेटी बसवताना जुनं मला दिलं — पेटीसाठी. सुनंदाचं दोनचं बटण मात्र जुन्याच नंबरवर राहिलं. तिला कुणी सांगितलं? कुणीच नाही. विलास विसरला. आणि मी? मी विसरलेसुद्धा नाही — ती माझ्या डोक्यातच आली नाही. मोटर चालवणारे दोघे, नंबर दोन, विषय संपला. डबा आणणाऱ्या बाईला कोण धरतं जमेत?

पेटी बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी मोटरीचा पट्टा सरकला. मोटर बंदच होती, म्हणून विलासनं पट्टा बसवायला हात घातला. तिकडे घरी सुनंदानं भाकरी बांधल्या आणि दोनचं बटण दाबून धरलं.

उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मी आधी यवतमाळच्या दवाखान्यात धावले, असं वाटतंय तुम्हाला? नाही. मी आधी विहिरीवर गेले आणि पेटी काढून आणली. घरात दार लावून लॅपटॉप उघडला. पेटीतल्या सिमवर शेवटचा मिसकॉल सुनंदाचा होता, आणि रेघा समोरच होत्या. मी त्या पुसल्या. आणि यादीत — हे लिहितानाही माझं डोकं फिरतं — यादीत सुनंदाचा नंबर तिसरा म्हणून घातला. पुन्हा प्रोग्राम भरला.

दोन दिवसांनी अंगणात माणसं जमली. सासऱ्यांनी विचारलं, "सूनबाई, हे यंत्र आपल्या मनानंच चालू झालं का?" मी पेटीला दिवा जोडला. शेजाऱ्याला म्हटलं, लावा फोन. दिवा लागला नाही. आणखी एकाला लावायला सांगितलं. नाही लागला. मग सुनंदाला पुढे बोलावलं. तिनं दोनचं बटण दाबून धरलं — आणि दिवा लागला.

"पाहा," मी म्हणाले. "घरच्याच नंबरावर चालते हे. हिचा बी टाकला होता मी. अन् आता ते दोनचं बटन दाबू नोको म्हणून सांगतलं होतं हिले."

विज्ञानाची शिक्षिका! सगळ्यांसमक्ष प्रयोग करून दाखवला मी.

सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. "ताई, तुमी मले सांगतलं होतं?"

"नाही त काय? चुलीपाशी बसली होती तू."

"मंग मीच इसरली असन," ती म्हणाली.

भांडायचं होतं ना तिनं! झिंज्या धरायच्या होत्या माझ्या. कधी सांगतलं, कोन्त्या दिवशी, कोन होतं तिथं — एवढं जरी विचारलं असतं, तरी माझी बोबडी वळली असती. पण मी शिकलेली, नोकरीवाली. मी खोटं बोलेन हे तिच्या मनालाही शिवलं नाही. आणि मला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच मी बोलले.

सासूनं तिचा फोन काढून घेतला. बाया तिच्या तोंडावर म्हणायच्या, "नवऱ्याची बोटं खाल्ली हिनं." विलासला कापूस वेचता येईना, तेव्हा दोघांच्या वाट्याचा ती एकटीच वेचायची. माहेरी बोलायचं तर शेजारणीला नंबर लावून द्यायला सांगायची. स्वतः बटणाला हात लावायची नाही. आणि मला लोक काय म्हणायचे? मॅडमच्या एवढ्या चांगल्या कामाला हिच्यामुळे गालबोट लागलं! मी ऐकून घ्यायची. वर तिच्याच हातचा चहा प्यायची.

भीतीपोटी केलं म्हणू? कसली भीती? नोकरी जाणार नव्हती. कुणी अंगावर येणार नव्हतं. फार तर म्हणाले असते, मॅडम चुकल्या. तेवढे दोन शब्द मला ऐकायचे नव्हते, म्हणून मी ते तिच्या माथी मारले.

गेल्या दिवाळीत विलासनं तिला नवा फोन घेऊन दिला. तो खोक्यातून न काढताच ती माझ्याकडे घेऊन आली. सोबत वहीचा एक कागद आणि पेन.

"ताई, याच्यात काय काय दाबाचं नाई ते सारं लिहून द्या. तुमी सांगता, पन माह्या ध्यानात राहत नाई."

मी लिहून दिलं. कागदाच्या दोन्ही बाजूंनी, मोठ्या अक्षरात. मग ती ते मोठ्यानं वाचायला लागली, आणि जिथे जिथे अडली, तिथे तिथे मी तिला सांगत गेले.