मत न देणारे आतोबा

अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीतल्या ज्या ज्या मराठी माणसाला डॅनिश राजकारणातला एक तरी शब्द ठाऊक आहे, त्याला तो आमच्या ह्यांच्या आतोबांनीच सांगितलेला आहे, पैज लावा! नोकरीपायी सहा महिने कोपनहेगनला काय राहिले, येताना 'लोसगेंगर' घेऊन आले. तिथल्या संसदेत पक्ष सोडून एकटा बसणारा सभासद म्हणजे लोसगेंगर. "लोस म्हणजे सुटा, गेंगर म्हणजे चालणारा. पूर्वी घरदार नसलेल्या भटक्याला म्हणत, पोलीस धरायचे! आज तोच संसदेत बसतो. आहे की नाही गंमत?" ही गंमत त्यांनी दाताच्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना सांगितली. स्पीडिंगसाठी थांबवणाऱ्या पोलिसालाही सांगितली. तो बिचारा तिकीट न देताच पळाला. माझी लेक "आजोबा, यू टोल्ड मी!" म्हणाली, की "मग आता तू सांग," म्हणून तिची परीक्षा घेतात.

एका वर्षी गणपती मंगळवारी आला आणि इथल्या मराठी मंडळात रण माजलं. आमच्याकडे सगळे सण शनिवारी येतात, त्यात नवीन ते काय? पण आत्या, म्हणजे आतोबांची बायको, हट्टाला पेटल्या. "देव काय वीकेंड बघून येतो?" कमिटीत आत्या धरून चार मंगळवारवाले, चार शनिवारवाले, नववे आतोबा. आत्या निर्धास्त होत्या, नवऱ्याचं मत जातंय कुठे! आतोबा उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "मी लोसगेंगर." पुढची पस्तीस मिनिटं व्युत्पत्ती. मत नाहीच. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, शनिवार निघाला.

अठरा वर्षं मंडळाचा गणपती आत्यांच्या हातून बसला होता. त्यांच्या फार जिव्हारी लागलं. आतोबांशी अबोला धरला आणि घरच्या बेसमेंटमध्ये मंगळवारीच वेगळी मूर्ती बसवली. मी लंच ब्रेकमध्ये धावतपळत पोचले, तर त्यांच्या बाजूच्या तिघांपैकी एकही आला नव्हता. एकाची मीटिंग, एकाची डेडलाइन, तिसऱ्याला सुट्टीच नाही. एकवीस मोदक वाफाळत होते आणि आत्या निरांजन धरून एकट्याच उभ्या होत्या. मला तर बघवेना.

इतक्यात जिन्यावरून आतोबा उतरले. सोवळं नेसलेलं, हातात झांजा.

"मत द्यायला तोंड नव्हतं, आता आरतीला कशाला आलात?" आत्या कडाडल्या. आठ दिवसांतलं ते पहिलं वाक्य.

"अगं, पक्ष सोडला मी. तुला कुठे सोडलंय?"

आणि देवा रे, काय तो बेसूर आवाज! कडवी मागेपुढे झालेली, आत्या पदराने डोळे पुसत प्रत्येक ओळ दुरुस्त करताहेत. मला भडभडून आलं. मी दोनची मीटिंग कॅन्सल केली आणि टाळ्या वाजवायला लागले. तिघांच्या आरतीने एवढं मोठं बेसमेंट काही भरलं नाही. पण आत्या शेवटपर्यंत त्यांच्या अगदी शेजारी उभ्या होत्या.