भिंतीपलीकडचा प्रेक्षक
ओल्या सिमेंटचा वास आला की मला कोल्हारच्या घरातली वाटणीची भिंत आठवते. ती उभी राहिल्यापासून थोरला भाऊ आणि मी बोलत नव्हतो. गुप्तहेराची मालिका मात्र दोन्हीकडे एकच चालायची. शेवटच्या भागात खुनी निघाला धाकटा भाऊ, मिशी लावून घरातच गडी म्हणून राहिलेला. बायकोला ते पटेना. मी नेहमीसारखा ओरडून लेखकाची बाजू घेतली, “मिशी लावल्यावर कोन वळखनार?” भिंतीपलीकडून थोरला म्हणाला, “काहीबी दाखवत्यात. तुझा नुसता खोकला मला गल्लीच्या टोकावरून वळखू येतो.” उत्तरादाखल काहीतरी भारदस्त सुचायला हवं होतं, तोंडातून निघालं, “दादा, चहा ठेवलाय, ये.” ठेवला नव्हता. बायको गॅसकडे पळाली आणि तो दारातून आत आला. त्या शेवटाला लोक अजून नावं ठेवतात. मला लेखकाचा पत्ता मिळाला, तर मी पेढे पाठवीन.